दाराला काच कशाला?

"का ओ बाई, आमच्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न मला मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात विचारलाय, सोलापुरात सात रस्त्याला भाजी घेताना विचारलाय, एकदा तर मयताच्या घरी चहाचा कप हातात असताना विचारलाय. परवा एका तरुण बापाने विचारला, तो जरा तापलेलाच होता. मुलीला शब्बाथशाळेतून, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या वर्गातून, लवकर न्यायचं होतं म्हणून त्याने धाकट्या भावाला पाठवलं. दारावरच्या आमच्या पोरीने यादी बघितली, भावाचं नाव नव्हतं, तिने मूल दिलं नाही. आधी बापाला फोन लावला. तो बिचारा जुळे सोलापूरहून गाडी मारत आला. "माझा सख्खा भाऊ आहे. तुम्हीच त्याला याच हॉलमध्ये गाणी शिकवलीत की!"

शिकवलीत, खरं आहे. तेव्हा उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही. दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

आधी नियम काय आहेत ते सांगते, कारण अर्धी मंडळी ऐकीव नियमांवर चिडलेली असते. मुलांच्या खोलीत कायम दोन मोठी माणसं, आणि ती नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ नकोत. दाराला मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर काच. स्टोअररूमची किल्ली ऑफिसात, कुणाच्या खिशात नाही. नाताळात कॅरलला, म्हणजे घरोघरी गाणी म्हणायला, रात्री निघालो की मुलं मोजून न्यायची, मोजून आणायची, आणि कुणाच्या स्कूटरच्या मागे एकटं मूल बसवायचं नाही, मग घर कितीही 'वाटेवरच' असो. शिक्षकाने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, करायचा तर पालकांच्या ग्रुपवर. नवीन शिक्षकाकडून पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतो. पण त्या कागदाचं मला फार कौतुक नाही. जो कधी सापडलाच नाही, त्याचाही कागद स्वच्छच येतो.

आता विश्वासाचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमच्याकडे एक तरुण होता. गिटार वाजवायचा, मुलं त्याच्याभोवती गुळाला मुंग्या लागाव्यात तशी. त्याच्या घरचे तीन पिढ्यांचे सभासद. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा आठवडा असायचा, त्याचा सगळा भार त्याच्यावर, आणि आम्ही त्याबद्दल देवाचे आभार मानायचो. त्या वर्षी अकरा वर्षांची एक मुलगी यायची बंद झाली. तिची आई विड्या वळायची. एका रविवारी उपासना सुटल्यावर ती लिंबाच्या झाडाखाली पदराचं टोक पिळत उभी राहिली. म्हणाली, "बाई, ती म्हणते मला त्या दादाजवळ बसायचं नाही."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "लहान आहे हो, रुसली असेल. मी बघते."

मी बघितलं म्हणजे काय, तर एका वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलं. त्यांनी त्याला बोलावलं. तो रडला. प्रार्थना झाली. क्षमा झाली. मुलीला कुणी काही विचारलं नाही, आईला कुणी बोलावलं नाही. पाच-सहा महिन्यांनी तो दुसऱ्या शहरात गेला, तिथल्या मंडळीसाठी आमच्याकडून छानसं पत्र घेऊन. पत्र मी लिहिलं नव्हतं. पण सही होण्याआधी वाचलं होतं, आणि त्यातला 'लहान मुलांमध्ये विशेष आवड' हा शब्दप्रयोग वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. तरी मी गप्प बसले. शाळेत पोरांना 'खरं बोला' शिकवणारी मी.

मला नेहमी बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला तेरावा अध्याय आठवतो. हा अध्याय मी तरी रविवारच्या संदेशात कधी ऐकलेला नाही. तामारेवर तिचा सावत्र भाऊ अम्नोन अत्याचार करतो, तोही आजारपणाचं सोंग घेऊन, बापाच्याच तोंडून तिला घरी बोलावून घेऊन. सख्खा भाऊ अबशालोम तिला सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजाला हे कळतं तेव्हा तो रागावतो. रागावतो, बस. पुढे काही करत नाही. पुढे त्या घराचं काय होतं ते वाचून बघा. त्यात अनोळखी माणूस एकही नाही. सगळे घरचे, आणि ती तर आजारी भावासाठी खायला करून घेऊन गेली होती.

म्हणून कुणी मला म्हणतं की आपल्यात सगळे एकमेकांना ओळखतात, तेव्हा मला उलट भीती वाटते. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि असं करणाऱ्यांतले निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे निघाले. बहुतेक मुलांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. परक्या माणसाला आमच्या हॉलमध्ये शिरायला आधी चार जण "तुम्ही कोण?" विचारतील. गिटारवाल्याला कोण विचारणार?

त्या काळी कायदाही धड नव्हता, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणते. आता तेवढीही सोय राहिलेली नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. कलम १९ म्हणतं की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल किंवा होईल अशी ज्याला धास्ती वाटेल, त्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यात पाळक, मंडळीतले वडीलधारे, शब्बाथशाळेची बाई यांना सूट नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने तिथल्या मुलावर हात टाकला तर गुन्हा आणखी गंभीर धरला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वसतिगृहातल्या मुलींबद्दल ठाऊक असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरावरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे.

हे मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचायतीच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एका काकांनी पवित्र शास्त्र उघडलं. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय. भावाने भावाला कोर्टात खेचू नये, असं येशूचा प्रेषित पौल सांगतो. काकांचा मला आदर आहे, माझ्या लग्नात मंडप त्यांनी बांधलाय. पण पौल तिथे भावाभावांच्या देण्याघेण्याच्या भांडणाबद्दल बोलतोय. लेकराला इजा करणाऱ्याला झाकण्याबद्दल त्यात अक्षर नाही. उलट लहानग्यांतल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची भाषा येशूनेच केलीय. काका म्हणाले, "अगं पण मंडळीचं नाव." ही भीती खोटी नाही, हे मी मान्य करते. सोलापुरात आपण मूठभर. पेपरात चार ओळी आल्या की शेजारीपाजारी सगळ्यांना त्याच चष्म्यातून बघणार. पण त्या भीतीची किंमत आजवर विडीवालीच्या पोरीने दिली. काकांनी दिली नाही, मीही दिली नाही.

खोट्या तक्रारीचं काय, हे पुढचं ठरलेलं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, मुद्दाम सूड म्हणून खोटं कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि मुलाला मात्र चुकीच्या माहितीसाठी शिक्षा नाही. खरं-खोटं ठरवणं हे आमचं काम नाहीच. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मूल काही बोललं की आपण त्याला पाच जणांसमोर पाच वेळा विचारतो, मग समोरच्याला बोलावून 'समोरासमोर' करतो. मूल घाबरून शब्द फिरवतं, आणि आपण म्हणतो, बघा, खोटं होतं. शिक्षकांना मी एवढंच सांगते. ऐका, दचकू नका, "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, मुलाचे शब्द आहेत तसे तारीख-वेळ घालून लिहा, आणि कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, तातडीचा ११२ आहे. पोलीस ठाण्याची धास्ती घेणाऱ्या आयांना मी सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा, आणि त्या वेळी आई-बाप किंवा मुलाच्या भरवशाचं माणूस जवळ असतं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर निम्म्या आयांचा श्वास खाली येतो.

आणि नाव. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. आमच्यात ही ओळख कशी उघडी पडते ठाऊक आहे? प्रार्थनेच्या विषयातून. "अमुक पेठेतल्या एका भगिनीच्या थोरल्या मुलीसाठी विशेष प्रार्थना करा, कारण सांगता येत नाही." झालं. आमेन म्हणायच्या आत ते होटगी रोडपर्यंत पोचलेलं असतं. म्हणून आता असला विषय माइकवरून घ्यायचा नाही असं ठरलंय. नियम मोडला की मी सरळ उठून उभी राहते. वाईटपणा येतो. येऊ दे.

लोकांना वाटतं हे सगळं मुलांपुरतंच आहे. आमच्या एका मावशींचं सांगते. विधवा, मुलगा पुण्यात, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, हातात महिन्याला हजार रुपये पेन्शन. गुडघ्यांनी घराबाहेर पडणं बंद झालं तेव्हा तरुण संघातला एक जण त्यांना रिक्षाने केंद्रावर न्यायचा, मशीनवर अंगठा लावून पैसे काढून द्यायचा. सगळे त्याचं नाव काढायचे. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आम्ही घरी गेलो तेव्हा मावशींच्या डब्यात डाळ नव्हती. पासबुक भरून आणलं तर कित्येक महिने अंगठा दोनदा लागलेला, म्हणजे पैसे दोनदा निघालेले. मावशींना ठाऊक होतं. म्हणाल्या, "एवढं करतो बिचारा. बोलले तर कोण नेईल मला?"

मूल बोलत नाही त्याला कारण भीती. म्हातारं माणूस बोलत नाही त्याला कारण गरज. म्हणून आता पैसे काढायला दोघं जातात, पावती मावशींच्या हातात, आणि वही महिला मंडळाकडे. आजारी आणि अपंग सभासदांकडे एकट्याने भेट नाही, पाळकसाहेबसुद्धा कुणाला तरी बरोबर घेतात. कुणाला घर-जागा कुणाच्या नावे करायची असेल तर मंडळीतला कुणीही त्यात साक्षीला बसत नाही, मंडळीला दान द्यायचं असलं तरी वकील बाहेरचा. काही जणांनी आधीच सांभाळण्याच्या बोलीवर बक्षीसपत्र करून दिलंय आणि आता ताटात काही पडत नाही. त्यांना मी प्रांत कार्यालयाचा रस्ता दाखवते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. ती अट मात्र कागदात लिहून घ्या. तोंडी बोलीवर भांडताना म्हातारी माणसं दमतात. घाबरून फोन करायचा असेल तर १४५६७ आहे, ज्येष्ठांसाठीच.

तर दादा, तुमच्या भावाबद्दल. तो चांगला मुलगा आहे, मी त्याला ओळखते. गिटारवाल्यालाही ओळखत होते, आणि त्याच्यासाठी दार मीच उघडं ठेवलं होतं. दारावरच्या पोरीला मी चेहरा वाचायला शिकवू शकत नाही, मलाच तो येत नाही. यादी वाचायला शिकवू शकते. भावाचं नाव यादीत घाला, दोन मिनिटांचं काम आहे. तिच्यावर रागावू नका. तिला त्या दिवशी तुमच्या भावापेक्षा जास्त घाम फुटला होता.

काच बसवली त्याच्या पुढच्या नाताळात ती आली होती. ती अकरा वर्षांची मुलगी, आता तिचाच मुलगा सहा वर्षांचा. सासर लातूरकडे, सणाला माहेरी आलेली. मी तिला ओळखलं, तिने मला. मुलगा आत गाणी म्हणणाऱ्या पोरांकडे ओढत होता. तिने काचेतून आत पाहिलं, बराच वेळ. दोन शिक्षिका होत्या, त्या मोजल्या असाव्यात. मग मला विचारलं, "ही कधी बसवली?" मी साल सांगितलं. ती काही बोलली नाही. मुलाला आत सोडलं आणि तिथेच दाराबाहेर उभी राहिली.

तासभर उभं राहायचं म्हणून मी ऑफिसातून खुर्ची आणून दिली. ती बसली, खुर्ची काचेकडे वळवून.