सुतार मुलीचा क्लुफ्ट: पँट झाली, जाकीट अर्ध्यावर

१:६ मापाच्या बाहुलीवर जर्मन फिरस्त्या कारागिराचा पोशाख, म्हणजे क्लुफ्ट, चढवायचा म्हटल्यावर पहिलं अडलं ते कापडाशी. खऱ्या क्लुफ्टचं कॉर्डरॉय चांगल्या रुंद रेघांचं असतं. दुकानातलं सगळ्यात बारीक रेघांचं कापड आणलं, तरी बाहुली पन्हाळी पत्रा नेसल्यासारखी दिसायला लागली. मग रेघांचा नादच सोडला. तिकडे डॉइचलेडर नावाचं जाड, घट्ट विणीचं, बिनरेघांचं सुती कापडही चालतं. त्याच्या जागी काळं सुती सॅटिन उलट्या बाजूने वापरलंय. चकाकी मरते आणि घडीही नीट बसते.

पँटची मोहरी हा खरा मजेचा भाग. मूळ मोहरीचा घेर साधारण ६५ सेंमी, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ ११. गुडघ्यापर्यंत बेताची, खाली एकदम फाकलेली. भुसा बुटात जाऊ नये म्हणून ती तशी, असं सांगतात. पुढच्या दोन चेन नुसत्या दोऱ्याने भासवल्या आहेत. या मापात खरी चेन लावणं हा हट्ट झाला.

बटणं एकूण २०: वेस्टकोटला ८, जाकिटाला ६, प्रत्येक बाहीला ३. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ६ दिवस, ३ वर्षं शिकाऊ उमेदवारी आणि ३ वर्षं भटकंती, असा त्यांचा हिशेब सांगतात. मूळची शिंपल्याची असतात. मी प्लास्टिकच्या झाकणातून ३ मिमीच्या चकत्या पाडून त्यांवर मोतिया नेलपॉलिश दिलं. वेस्टकोट पूर्ण आहे, जाकिटाच्या बाह्या अजून नुसत्या टाचलेल्या.

बाहुली मुलगी असल्यामुळे गळ्यातल्या पट्टीचा रंग आपोआप ठरला. ही पट्टी, एअरबारकाइट, कारागीर कोणत्या संघटनेचा ते सांगते. काळी, लाल, निळी पट्टी जुन्या संघटनांची, आणि तिथे प्रवेश पुरुषांनाच. १९८६ साली निघालेल्या फ्रायर बेगेग्नुंग्सशाख्टमध्ये मुलीही असतात. त्यांची पट्टी राखाडी. म्हणून राखाडी. कपडे मात्र काळेच, कारण ती सुतार. धातुकाम करणारे निळे घालतात.

पोशाख किती मळवायचा यावर मी अजून अडून आहे. ३ वर्षं आणि १ दिवस बाहेर, घराच्या ५० किमीच्या आत पाऊल नाही, म्हटल्यावर धुळीने माखवावीशी वाटते. पण ही मंडळी नीटनेटकेपणाला फार जपतात. अनोळखी दारात काम आणि निवारा मागताना कपडेच त्यांची ओळख असतात. त्यामुळे ठिगळं नाहीत. फक्त मोहरीला आणि बुटांना मातकट रंगाची हलकी भुकटी.

काठी, म्हणजे श्टेन्ट्स, सोपी गेली. खरी काठी वेलीच्या विळख्याने पिळदार झालेल्या फांदीची असते. मी मेंदीच्या काडीला तार गुंडाळून वर पुट्टीचा पातळ थर दिला. बोचक्यासाठी १३ सेंमीचा चौकोनी रुमाल कापून ठेवलाय. मूळचा सुमारे ८०चा असतो.

आता टोपी. कुणी या मापात रुंद काठाची फेल्ट हॅट वाफेवर घडवली असेल, तर साचा कशाचा घेतला ते सांगा. माझ्याकडे सध्या दोन उमेदवार आहेत: झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक आणि औषधाच्या बाटलीचं झाकण.