मुरघासाची पहिली बॅग

आज ४५ दिवसांनी मुरघासाची, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या मक्याच्या चाऱ्याची, पहिली बॅग फोडली. वरचा वीतभर थर बुरशीनं काळा पडलेला. तोंड बांधताना आत हवा राहिली, चूक माझीच. तेवढा फेकला. खाली मात्र पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा माल! म्हैस आधी नुसतीच फुरफुरली, मग घमेलं चाटूनपुसून साफ.

मका चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असताना कापलेला, त्याची बारीक कुट्टी मुठीत दाबून पाणी गळत नाही हे बघितलेलं. तेवढं जमलं.

एक-दोन जनावरं असणाऱ्याला मुरघासाचा मोठा खड्डा काय कामाचा? उघडला की हवेनं खराब होतो. त्याला ५० किलोची बॅग द्यायची, असं डोक्यात घोळतंय. बायकोचा पहिलाच सवाल: "उंदरानं बॅग कुरतडली तर पैसे परत देणार का?"

विचार करतोय.