दिवसा पान, रात्री गवई

सोंग वठवावं तर कॅटीडिडनंच. नाकतोडे-रातकिड्यांच्या गोतावळ्यातला हा किडा. अंगाहून लांब, केसासारख्या बारीक मिशा ही त्याची खूण. त्याच्या कितीतरी जातींचे पंख म्हणजे हुबेहूब पान. त्यावर शिरा तर असतातच, पण काहींवर वाळल्याचे डाग आणि अळीनं कुरतडल्यासारख्या कडाही असतात. एवढी कारागिरी कशासाठी? तर पक्ष्यांच्या नजरेस पडू नये म्हणून.

आणि हाच प्राणी अंधार पडला की कंठशोष करून आपला पत्ता रानभर सांगत सुटतो! अर्थात त्याला कंठ नाही. डाव्या पंखाच्या मुळाशी एक दातेरी शीर असते, ती उजव्या पंखाच्या कडेवर घासायची, की झालं गाणं. (रातकिडे बहुधा उजवा पंख वर ठेवतात. घराण्याचा फरक असावा.) कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरच्या एका जातीचा कान 2012 मध्ये बारकाईनं तपासला, तर आत पडदा, तरफेसारखा भाग आणि द्रवानं भरलेली पिशवी निघाली. म्हणजे आपल्याच कानाचा आराखडा, तोही पायात.

खोड जुनी आहे. चीनमध्ये सापडलेल्या, सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात पंखावरचे दाते इतके शाबूत होते, की त्यावरून शास्त्रज्ञांनी त्याचा सूरही काढला: साधारण 6.4 किलोहर्ट्झ, एकच स्वच्छ स्वर. तेव्हा वटवाघळं नव्हती. डायनोसॉरांच्या झोपेचं खोबरं झालं असेल, तेवढंच.

पुढे वटवाघळं आली आणि गाणं जिवावर बेतू लागलं. गाणाऱ्या नराचा आवाज ऐकूनच काही वटवाघळं त्याला उचलतात. मग उष्ण प्रदेशातल्या रानांतल्या काही जातींनी मैफल आवरती घेतली: क्वचित, तुटक गायचं, आणि मादीला निरोप द्यायचा तो अंग हलवून, बसल्या फांदीला कंप देऊन. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. थोडं केविलवाणंही.

ऑस्ट्रेलियातला एक कॅटीडिड मात्र पक्का बेरकी. नर सिकाडा (झाडांवर गाणारा दुसराच एक कीटक) गाऊ लागला, की हा मादी सिकाडाच्या पंखांच्या टिचकीची नक्कल अचूक वेळेवर करतो. प्रियकर लगबगीनं येतो आणि खाल्ला जातो.