बेरजेतले आकडे

माझी उंची १७३ सेंटीमीटर. चारचौघांत सहज खपून जाणारी. पण उंची ही शेवटी बेरीज असते, आणि नुसती बेरीज सांगितली म्हणून तिच्यातले आकडे कळत नाहीत. माझ्या बेरजेत धडाने भरपूर ओरपलंय आणि पायांच्या वाट्याला उरलंसुरलं आलंय. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी पुढून तिसरा, वर्गात मात्र शेवटच्या बाकावर. बसलो की मागच्याला फळाच दिसायचा नाही. आजी म्हणायची, "बसलास की आजोबांवर गेलायस, उठलास की माझ्यावर." त्यात हात लांब. पुराणात अशा माणसाला आजानुबाहू म्हणतात आणि त्याच्या नशिबी राज्य असतं. माझ्या नशिबी शर्टाच्या तोकड्या बाह्या होत्या.

कपड्यांचं निभतं. तयार पॅन्ट घ्यायची, खालून चार बोटं कापायची, उरलेल्या तुकड्यांचं आई काहीतरी शिवते. शिंपी तर मला आवडतोच, कारण तो उंची विचारत नाही. लांबी, कंबर, सीट, मांडी, बॉटम असा एकेक अवयव वहीत सुटा लिहून घेतो. सायकलच्या दुकानात मात्र उलट झालं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी हौसेने रोडबाइक घ्यायला गेलो, तिथल्या पोराने डोळ्यांनीच मला मापलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "चोपन्न सेंटीमीटरची फ्रेम." मीही मान डोलावली. सायकल दिसायला झकास होती. दोन पायांत धरून उभा राहिलो तेव्हा वरची दांडी जिथे टेकायला नको तिथे टेकत होती. पण नवीन वस्तू थोडी टोचायचीच, असं मी मनाशी म्हटलं.

मग सुरू झाल्या रविवारच्या फेऱ्या. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. पहिल्या महिन्यात गुडघ्याच्या मागची शीर धरली, दुसऱ्यात कंबर. तिसऱ्यात बसायच्या जागेची जी अवस्था झाली ती ललित लेखात मांडण्यासारखी नाही. सोबतचे म्हणत, सवय होईल. सवय झाली, पण बाम चोळायची.

शेवटी एका जुन्या मेकॅनिकमामांकडे गेलो. मी आपला चढ, गिअर, वय अशी कारणं सांगतोय आणि मामांनी मला नुसतं समोरच्या बोळातून एक फेरी मारून यायला सांगितलं. परत आलो तर म्हणाले, "सायेब, सायकल चालवताय का जातं दळताय? कंबर कशी हालतीया बघा की." सीट उंच पडली की पाय पायडलच्या तळाला पोचत नाही. मग माणूस नकळत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडून पोचतो, आणि गुडघ्यामागची शीर ताणली जाते. फारच खाली पडली तर गुडघा पुढून, वाटीपाशी दुखतो. दुखणं कुठे आहे त्यावरून सीट कुठे आहे ते कळतं, हे मला पन्हाळ्याच्या एवढ्या वाऱ्या करून कुणी सांगितलं नव्हतं. "हिचं माप कशानं काढलं?" "उंचीवरून." "उंची कुनाला पायजे? पायडल काय डोक्यानं मारताय?"

पायाचं माप काढायची रीत मात्र जरा लाजिरवाणी. अनवाणी उभं राहायचं, पाठ भिंतीला, आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमधून वर दाबून धरायचं, अगदी सीट दाबेल तितकं. मग पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप. मी शब्दकोश घेतला. बायकोने टेप धरला आणि ती हसायला लागली म्हणून माप तीनदा घ्यावं लागलं. तिन्ही वेळा ७४ सेंटीमीटर. "अहो, माझंही एवढंच भरेल," ती म्हणाली. ती माझ्या खांद्याला लागते.

या ७४ ला ०.८८३ ने गुणायचं. या गुणकाला नाव मिळालं ते टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमंडमुळे. उत्तर आलं ६५.३. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझ्या सायकलवर ते सत्तर होतं! जवळजवळ पाच सेंटीमीटर मी कंबर हलवून भरून काढत होतो.

सीट खाली घेतली की संपलं, असं मला वाटलं होतं. पण सायकलचं एकत्र कुटुंबासारखं आहे, एकाला हलवलं की दुसऱ्याला टोचतं. सीटचा नळा मागे कललेला असतो, त्यामुळे सीट खाली जाताना थोडी पुढेही येते. त्यात माझी मांडी आखूड. मामांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला, पायडल पुढे आडवं धरून माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली दोरा सोडला आणि सीट आणखी एक बोट पुढे सरकवली. भिंत सरळ आहे का बघतात तसा मी बघितला जात होतो. पाय खूश झाले आणि धड रडायला लागलं. हँडल छातीशी आलं, माझे आजानुबाहू कोपरातून दुमडून कोंबडीच्या पंखांसारखे बाहेर. म्हणून मग हँडल पुढे धरणारा आडवा तुकडा, म्हणजे स्टेम, ९० मिलिमीटरचं काढून १२० चं टाकलं. क्रँक १७० मिलिमीटर लांबीची होती, ती १६५ ची केली आणि त्या बदल्यात सीट पाच मिलिमीटर परत वर मिळाली. या पाचात गंमत आहे. पायडल वर येतं तेव्हा ते आता सीटपासून पूर्वीपेक्षा दहा मिलिमीटर लांब राहतं, गुडघा पोटात शिरत नाही. पन्नाशीतल्या पोटाला दहा मिलिमीटर म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. आखूड क्रँक म्हणजे बायकापोरांची, असं एकजण मला हिणवून म्हणाला होता. शर्यतपटू टाडे पोगाचार १६५ चीच वापरतो, आणि २०२४ साली इटलीची जिरो आणि फ्रान्सची टूर या दोन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या, हे मी त्याला सांगितलं. माझं पुढे काय झालं ते सांगितलं नाही.

"एका टायमाला एकच स्क्रू," मामांचा हा नियम. दोन एकदम फिरवले तर कुठल्यानं बरं वाटलं ते कळत नाही. मी तो पाळला, पण खोड लागली ती लागलीच. खिशात स्क्रू फिरवायची ॲलन की घेऊन फिरायला लागलो. केर्लीला थांबून दोन मिलिमीटर वर, वाघबीळला एक खाली. बायकोला हे वेड वाटे, तेव्हा मला बेल्जियमच्या सायकलपटू एडी मर्क्सचा फार आधार झाला. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लोआच्या ट्रॅकवर त्याचा भीषण अपघात झाला. त्याला वेग द्यायला पुढे मोटार-सायकल चालवणारा माणूस दगावला, मर्क्सचं कमरेचं हाड सरकलं. पुढे तो सीटच्या उंचीबद्दल कधी समाधानी झालाच नाही. शर्यत चालू असताना पाना काढून सीट वरखाली करायचा. टूर मात्र त्यानंतरही चारदा जिंकला. त्याचं शरीर मोडून वाकडं झालं होतं, माझं घडतानाच तसं झालंय, एवढाच काय तो आमच्यात फरक, असं मी घरात सांगतो.

गेल्या दिवाळीत गावच्या घरी माळ्यावरून आण्णांची, म्हणजे वडिलांची, सायकल खाली काढली. काळी, लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची, स्प्रिंगच्या चामडी सीटची. तीस वर्षं ते हिच्यावरून रोज शाळेत शिकवायला गेले. आण्णाही बसले की उंच दिसायचे. सीटवरची धूळ पुसली तर चामडं मधे जवळजवळ नवं, आणि डावी-उजवी कड घासून पांढरी पडलेली. मी टेप आणला. क्रँकपासून सीटपर्यंत सत्तर. खाली घ्यायला पाना लावला, पण सीट आधीच नळ्याच्या तोंडाशी टेकलेली. आणखी खाली जायला जागाच नव्हती. फ्रेम चोवीस इंची. बावीसची असती तर सीट बरोब्बर पासष्टवर आली असती.

आई ओसरीवर शेवया निवडत होती. "आई, त्या वेळी बावीसची सायकल मिळत नव्हती का गं?"

"मिळायची की. दुकानदार बावीसचीच देत होता." तिने ताट हलवलं. "आण्णा म्हणाले, चोवीसची दिसायला बरी."