आंबोलीत सप्टेंबर: पतंगांचा पडदा आणि त्याभोवतीचे शिकारी

सावंतवाडीहून एसटीने सुमारे ३० किलोमीटर, घाट चढला की साधारण ६९० मीटर उंचीवर आंबोली. रात्री पांढऱ्या कापडाच्या पडद्यासमोर दिवा लावून पतंग (मॉथ) बोलवायचे आणि जवळून पाहायचे, त्यासाठी ही जागा. जुलैत इथे धबधब्याची गर्दी असते, आणि दाट धुक्यात दिव्याचा उजेड फार लांब पोहोचत नाही. पतंगांसाठी सप्टेंबर चांगला: पाऊस ओसरलेला असतो, हवा दमट आणि उबदार. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा, कारण चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी पडतो. शनिवार-रविवार टाळा. पडदा होमस्टेच्या आवारात, रानाच्या बाजूला तोंड करून आणि रस्त्यावरच्या दिव्यापासून दूर लावा. रात्री जंगलात शिरायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते.

सामान थोडकं लागतं. दोन मीटर लांबीचं पांढरं सुती कापड, दोरी, चिमटे आणि चोकविना चालणारा १६० वॅटचा मर्क्युरी दिवा. होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा तापून वितळतो. तापलेल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकते, म्हणून दिवा पत्र्याच्या किंवा छपराच्या आडोशाला हवा. बाहेरची काच फुटली तर लगेच बटण बंद करा, कारण आतून निघणारे अतिनील किरण डोळ्यांना आणि कातडीला घातक असतात. वीज क्षणभर जरी गेली तरी हा दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाच-दहा मिनिटं वाया जातात. आंबोलीत पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा पॉवर बँकेवर चालणारा अतिनील एलईडी सोबत ठेवाच.

दिवा जमिनीवर ठेवून वर तोंड करू नका. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवू पाहतात, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. उजेड खालून आला की ते उलटे होऊन आपटतात. दिवा छातीच्या उंचीवर, कापडासमोर हातभर अंतरावर टांगा. कापडाची खालची कड जमिनीवर पसरा, कारण बरेच पतंग तिथेच उतरतात आणि पायाखाली चिरडले जातात.

सुरुवातीला जिऑमेट्रिड आणि क्रँबिड या कुळांतले लहान पतंग येतात. हॉक मॉथ (जाड अंगाचे, वेगाने उडणारे पतंग) आणि अ‍ॅटलास, मून मॉथ यांसारखे मोठे रेशीमवर्गीय पतंग बहुधा मध्यरात्रीनंतर, म्हणून दहा वाजता आवरून झोपू नये. दिव्याला न भुलणाऱ्यांसाठी आमिष: एक किलो अतिपिकलेली केळी, अर्धा किलो गूळ, थोडी बिअर, हे मिश्रण एक दिवस आंबवून झाडाच्या खोडावर, पाऊस न लागणाऱ्या बाजूला फासायचं. युडोसिमा गटातले रस शोषणारे पतंग याला येतात. संत्रा-मोसंबीच्या बागायतदारांना ते चांगलेच परिचित आहेत, कारण त्यांची टोकदार सोंड फळाची सालही भेदते. अ‍ॅटलास आणि मून मॉथ मात्र आमिषाला कधीच येणार नाहीत; प्रौढ झाल्यावर ते खातच नाहीत.

ओळख पटवायला एकच फोटो पुरत नाही. वरून, बाजूने, मिशांचा जवळून आणि शक्य असेल तर मागच्या पंखाचा, असे चार घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. रंग फ्लॅशच्या उजेडात टिपा, मर्क्युरीचा हिरवट झाक देतो. हॉक मॉथमध्ये मागच्या पंखाच्या मुळाशी पुढच्या पंखाला अडकणारा राठ केस असतो: नरात एकच जाड, मादीत अनेक. रेशीमवर्गीय पतंगांत तो नसतो, तिथे नर मिशांवरून ओळखा. त्याच्या अधिक पसरट आणि पिसासारख्या असतात. अ‍ॅटलास दिसला तर घाईत अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास असं शास्त्रीय नाव लिहू नका, पश्चिम घाटातला अ‍ॅटॅकस टॅप्रोबेनिस वेगळा मानला जातो. किल्ल्यांचा जुडगा पडद्याजवळ खुळखुळवू नका. त्या आवाजातल्या श्राव्यातीत (आपल्याला ऐकू न येणाऱ्या) लहरी वटवाघळाच्या हाकेसारख्या वाटून नॉक्टुइड कुळातले पतंग पटकन खाली पडतात किंवा पळतात. केसाळ टसॉक मॉथना हात लावू नका, केसांनी खाज सुटते.

पडद्यावर पाली हमखास येतात. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांवरचे सूक्ष्म केस पाहायची हीच संधी, पण पालीला पकडू नका, ती शेपूट टाकते. आवारात रातवा हा निशाचर पक्षी दिसला तर चोच इवलीशी, पण जबडा किती रुंद उघडतो ते पाहा. जबड्याच्या कडेचे राठ केस आणि मधल्या नखावरचे कंगव्यासारखे दातेही. खरी सावधगिरी मलबारी चापडा या विषारी सापाची. हिरवा, पिवळट, तपकिरी अशा अनेक रंगांत असल्याने तो झुडपात दिसतच नाही. डोळा आणि नाकपुडीमधल्या खळगीने तो भक्ष्याची उष्णता टिपतो. गमबूट घाला, झुडपांत हात घालण्याआधी टॉर्च मारा. चावल्यास जखम कापू नका, आवळून बांधू नका, अंगठी-कडं काढून थेट सावंतवाडीच्या रुग्णालयात जा. भारतात मिळणारं प्रतिविष चार प्रमुख सापांच्या विषावर बेतलेलं असल्याने यावर चालत नाही. डॉक्टरांना सापाचा फोटो दाखवता आला तर उपचार नेमके होतात. साप पकडायचा प्रयत्न नको.

पहाटे तीनच्या सुमारास दिवा बंद करा आणि कापडावरचे पतंग एकेक करून बाजूच्या दाट झुडपांत हलवा. असं केलं नाही तर उजाडताच कोतवाल, बुलबुल आणि दयाळ येतात आणि पडदा साफ करतात. थंडीत आखडलेला हॉक मॉथ हाताने उडवू नका. छातीचे स्नायू थरथरवून तो आधी अंग तापवतो, काही मिनिटं थांबलं की आपोआप जातो.