वारसा नोंद आणि भूकंपाचे साल

वडील गेले त्याला आता दीड वर्ष होत आले. मलप्रभा नदीच्या वरच्या अंगाला, कर्नाटकातल्या खानापूर भागात, आमची एक एकर चौदा गुंठे भातशेती आहे आणि तिच्या उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव होते. भाऊ नोकरीनिमित्त गोव्यात राहतो, आईला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे वारसा लावण्याचे काम माझ्याकडे आले. दोन-तीन फेऱ्यांत ते उरकेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत माझे जे काही अडले ते बहुतेक वेळा सत्तरी ओलांडलेल्या कोणीतरी सोडवले, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

पहिली अडचण भाषेची होती. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि कन्नड मी एक विषय म्हणून शिकले. बसची पाटी वाचता येते, बाजारात बोलताही येते, पण कचेरीतले कन्नड हे वेगळेच प्रकरण आहे. वंशवृक्षाचा अर्ज हातात घेऊन मी पायरीवर बसले होते, तेव्हा समोरच्या कट्ट्यावरून कपाळाला विभूती लावलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली, "तंगी (म्हणजे धाकटी बहीण), आण इकडे अर्जी." ते महसूल खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती आणि घरी वेळ जात नाही म्हणून ते आठवड्यातून दोन दिवस त्या कट्ट्यावर येऊन बसत. घरात कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्याइतकेच सहज. अर्ज लिहून देण्याचे पैसे घेणारी माणसे तिथे दुसरीही होती. हे अज्जा मात्र चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पीत.

त्यांनी अर्ज भरून दिला नाही. मला शेजारी बसवून एकेका रकान्यावर बोट ठेवत तो वाचून घेतला. "यातले अर्धे शब्द तुमचेच आहेत, घाबरतेस कशाला?" असे म्हणून त्यांनी मला पहाणी (म्हणजे उतारा), वर्दी (वारसाची खबर), महजर (पंचनामा), खाते हे शब्द दाखवले. 'पौती' या शब्दापाशी मी थांबले, तेव्हा त्यांनी विचारले, "जुन्या कागदांत फौत झाला असे लिहितात ना? तेच हे." इतके दिवस ज्या शब्दाला मी बिचकत होते तो आमच्याच घरातल्या जुन्या कागदांवर पडून होता, हे कळल्यावर मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

वंशवृक्षात मी आई आणि भाऊ एवढीच नावे मांडली होती. आमच्याकडे लग्न झालेल्या मुली स्वतःच आपले नाव गाळतात, त्यात भावाने काही सांगावे लागत नाही. अज्जांनी कागद परत केला. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली आणि २००५ मध्ये ती देशभर झाली, हे त्यांनी शांतपणे सांगितले; हक्क सोडायचा असेल तर तो पुढे रीतसर कागद करून सोड, पण वंशवृक्षातून माणूस गाळलास तर ती खोटी माहिती ठरते आणि उद्या तुझाच भाऊ अडकतो, असेही बजावले. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "मग घाल की, विचारतेस काय?" शपथपत्र मात्र पुन्हा करावे लागले, आणि स्टँप पेपरचे पैसे वाया गेले ते गेलेच.

खरी गाठ पुढे होती. २००० सालानंतर 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर आले, तेव्हा जुन्या वहीत जसे होते तसे नाव उतरले असावे. आमच्या उताऱ्यावर वडिलांचे घरात हाक मारायचे दोन अक्षरी नाव होते, तर आधार कार्डावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करायचे तर आजोबांच्या पश्चात वडिलांचे नाव ज्या फेरफाराने लागले त्याची नक्कल हवी होती, आणि नक्कल हवी तर साल सांगणे भाग होते. आजोबा गेले तेव्हा वडील विशीत होते, एवढेच आईला माहीत होते. अभिलेखातल्या माणसाने दोन वेळा वह्या चाळल्या आणि तिसऱ्या वेळी साल घेऊनच या असे सांगितले. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

साल सांगितले ते आमच्या शेजारच्या आज्जीने. तिला स्वतःचे वय नक्की सांगता येत नाही, अक्षरओळख नाही, अंगठा उमटवते. मी सहज विषय काढला तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती आणि तिने मानही वर केली नाही. "तो भूकंप झाला नव्हं पहाटेचा, आमच्या फडताळातली भांडी खाली आली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेला तुझा आज्जा. मी तवा नवीन सून, तुमच्याकडं पिठलं-भात मीच पोचवला." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. म्हणजे आजोबा त्याच डिसेंबरच्या अखेरीस गेले आणि वर्दी १९६८ मध्ये दिली गेली असणार. त्या सालाची वही काढल्यावर नोंद सापडली. तिच्यात वडिलांचे पूर्ण नाव होते, त्यापुढे 'ऊर्फ' आणि मग ते दोन अक्षरी नाव. त्या एका 'ऊर्फ'साठी मी अडीच महिने हिंडत होते.

त्यानंतर महजर. तलाठी (नाव बदलले तरी आमच्याकडे तलाठीच म्हणतात) स्थळपाहणीला आले तो दिवस नेमका रोप लावणीचा होता. तरणी माणसे सगळी चिखलात, त्यामुळे पंच म्हणून तीच आज्जी आणि गल्लीच्या टोकाचे एक काका आमच्या सोप्यात येऊन बसले. सकाळी अकराला येणारे तलाठी पावसामुळे दुपारी अडीचला पोचले. तोपर्यंत दोघेही उठले नाहीत. काकांनी तेवढ्या वेळात आमची गळकी कौले काठीने सारखी केली. आज्जीने आईचे गुडघे तेल लावून चोळले. जबाब वाचून दाखवल्यावर आज्जीने तलाठ्यांना थांबवून विचारले, "पोरीचं नाव घातलंय न्हवं?" आणि मगच अंगठा पुढे केला.

हरकतीची मुदत काहीही न घडता संपली. नवा उतारा मिळाला तो मी आधी कट्ट्यावर नेला. अज्जांनी चष्मा पुसून तीनही नावे, सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे अक्षर-अक्षर तपासले आणि "बरोबर आहे" एवढेच म्हणून परत दिला. पेढ्यांच्या पुड्यातला एकच पेढा घेतला, बाकीचा पुडा शेजारी बसलेल्यांकडे सरकवला.

आज्जीला उतारा वाचून दाखवायला संध्याकाळी गेले. तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि आमच्या उताऱ्यावर नाव चढायला किती खर्च आला ते विचारले. मग आत जाऊन, ट्रंकेच्या तळाची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्या स्वतःच्या अठरा गुंठ्यांवर अजून सासऱ्याचे नाव आहे. येत्या मंगळवारी अज्जा कट्ट्यावर असतात, त्या दिवशी तिला घेऊन जाणार आहे. सासरा कुठल्या साली गेला हे तिला पक्के ठाऊक आहे, म्हणजे तेवढी तरी शोधाशोध वाचेल.