मालवणच्या पाण्यात, पाय न टेकता

मालवणच्या जेट्टीजवळ रिक्षातून उतरताना मी रिक्षावाल्याला विचारलं, "सागरी अभयारण्य कुठून सुरू होतं हो?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या सिंधुदुर्गाकडे. "ता माका काय म्हायत नाय. किल्ल्यार जावचा आसा तर थंयसून होडी गावतली."

त्याला कशाला बोल लावायचा! ताडोबाला गेलं की गेट असतं, पावती असते, जिप्सीत सोबत गाईड बसतो. इथे मला तरी एकही कमान दिसली नाही. 1987 साली जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं सागरी अभयारण्य. क्षेत्र साधारण 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम 3 चौरस किलोमीटरचा, आणि सिंधुदुर्ग नि त्याच्या जवळचा छोटा पद्मगड, दोन्ही किल्ले त्या गाभ्यातच. म्हणजे किल्ल्याची होडी धरणारा जो तो अभयारण्याच्या पोटात शिरतो, फक्त त्याला ते कोणी सांगत नाही. इथल्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्याने पोटाला चिमटा घ्यायचा आणि आपण मात्र बिस्किटाचा पुडा घेऊन पाण्यात उतरायचं, हे काही बरोबर नाही.

बिस्किटांचं पुढे सांगतो. आधी, पाण्यावर तरंगत इथलं प्रवाळ बघायला कधी जायचं ते.

पावसाळ्यात सगळं बंदच असतं. पाणी स्वच्छ मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पण त्यातही दिवस निवडावा लागतो. बुकिंग करण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी त्या मानाने निवांत असतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण आमचं काम भागलं. आम्ही डिसेंबरातल्या अष्टमीला सकाळी आठला पाण्यात होतो. ओहोटी लागली होती, तरी प्रवाळावर बरंच पाणी होतं, वाराही उठला नव्हता. साडेदहाला परतलो तेव्हा समोरून एकामागून एक भरलेल्या होड्या येत होत्या.

आता माझी चूक. मला पोहता येतं, निदान मी तसं समजतो. पण मास्क लावून, तोंडात नळी धरून, पोटावर नुसतं तरंगणं हा निराळा प्रकार आहे. चौथ्या-पाचव्या मिनिटाला नळीत खारं पाणी गेलं, मी घाबरलो, पाय आपोआप खाली गेले आणि कशाला तरी टेकले. दगड मिळाला म्हणून हायसं वाटलं. तेवढ्यात वरून होडीवाले काका ओरडले, "पाय काढ! तो दगड नाय, जित्तो आसा तो!"

मास्क साफ करून पुन्हा खाली पाहिलं. पालथ्या घातलेल्या घमेल्यासारखा, मातकट पिवळा एक घुमट. अगदी जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्यावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं आहेत, नि एकेका भोकात एकेक जीव. हे पोरायटीस जातीचं प्रवाळ. वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. घुमटाची उंची वीतभर तरी होती, म्हणजे वीसेक वर्षांची वाढ. माझी टाच जिथे टेकली होती तिथे चार बोटं रुंदीचा फिकट ओरखडा दिसत होता.

तेव्हा पोहता येवो न येवो, जाण्याआधी गावातल्या तलावात दोन-तीन दिवस मास्क लावून तरंगायची सवय करा. मुलांना तर कराच. लाइफ जॅकेट घातल्यावर माणूस उभा तरंगतो, आणि उथळ पाण्यात उभं राहिलं की पाय प्रवाळावरच जातात. जॅकेट काढू नका, पण पोटावर आडवं व्हायला शिका आणि थकलात तर होडीचा दोर धरा. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा. काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला बाधतात.

बिस्किटं: फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं, पाव चुरडून टाकतात. आमच्या शेजारच्या होडीत तेच चाललं होतं. काळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड उडाली, सगळे खूश. पण प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे पावाला लागले तर ते शेवाळ कोण खाणार? होडी ठरवतानाच स्पष्ट सांगा: खाणं टाकायचं नाही, प्रवाळाला हात लावून फोटो काढायचा नाही, नांगर वाळूत टाकायचा. आमच्या काकांना यात काही वावगं वाटलं नाही, उलट ते खुलले. मग त्यांनी आपणहून एका कपारीतला खेकडा दाखवला, नाहीतर तो आम्हाला दिसलाच नसता. स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी लावून खाली बुडी मारण्याच्या, दहा मिनिटांच्या पॅकेजमध्ये मात्र बोलायला उसंत नसते. पोहायला नवे असाल तर ते टाळा, असं माझं मत.

मेलेल्या प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर सापडला तरी तिथेच ठेवा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.

किल्ल्यावर मिळतो तासभर, होडीवाला वेळ सांगूनच सोडतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चुकवू नका, आणि पाण्याची बाटली जशी नेली तशी परत आणा.

पद्मगडाला दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. गंमत अशी की प्रवाळासाठी हवा भांग आणि पद्मगडासाठी हवं उधाण, कारण भांगाला ओहोटी फारशी खाली उतरत नाही. दोन्ही एका फेरीत साधत नाही, हे काकांनी सकाळीच सांगितलं होतं. तरी आम्ही दुपारी निघालोच. अर्ध्या वाटेत पाणी गुडघ्याला लागलं, सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला आणि आम्ही चपला हातात घेऊन मागे वळलो.